हाकेला ओ

माझी लेक वेल्समधल्या ज्या शहरात राहते त्याचे नाव स्वॉन्झी. तिथे नोकरी लागल्याचे तिने कळवले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे राजहंस उभे राहिले. 'स्वॉन' म्हणजे हंस, 'सी' म्हणजे समुद्र. तेव्हा हंसांचा समुद्र! पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईने इतके भाबडे असू नये. पण नावाची भूल अशी असते खरी. पुढे मी तिच्याकडे गेले तेव्हा वाटेतच तिने माझे हंस उडवून लावले.

"आई, हंस-बिंस काही नाही गं इथे. स्वेन नावाचा कुणी माणूस होता. त्याचं बेट, एवढाच अर्थ."

हजार-अकराशे वर्षांपूर्वी नॉर्वे-डेन्मार्ककडचे दर्यावर्दी, ज्यांना जग वायकिंग म्हणून ओळखते, या किनाऱ्यावर येत. त्यांच्या नॉर्स भाषेत बेटाला 'एय' म्हणत. 'स्वेनचे एय' इंग्रजांच्या तोंडात घोळता घोळता स्वॉन्झी झाले, आणि अर्थ हरवलेल्या त्या शब्दात पुढे लोकांना हंस पोहताना दिसू लागला. हा स्वेन कुठला, कुणाचा, काय करून गेला, याचा पत्ता नाही. त्याचे बेटही आज कुठे दिसत नाही. माणूस गेला, बेट गेले, हाक तेवढी मागे राहिली.

शहराच्या वेशीवर पाटी आहे. तिच्यावर दोन नावे आहेत. एक स्वॉन्झी आणि दुसरे आबेर्तावे. हे दुसरे इथल्या मूळच्या वेल्श भाषेतले. 'आबेर' म्हणजे नदीचे मुख. तावे नदीचे मुख ते आबेर्तावे. मला या पाटीची मोठी गंमत वाटली. जमिनीवरचा माणूस नदीच्या काठाकाठाने चालत समुद्राशी पोचला, त्याला मुख दिसले. समुद्रावरचा माणूस बाहेरून आत आला, त्याला बेट दिसले. जागा एकच. जो ज्या बाजूने येतो त्याला ती बाजू दिसते, आणि तो तिलाच नाव देतो.

इतके म्हणून मी गप्प बसले. गप्प बसण्याचे कारण पुढे सांगेन.

मे महिन्यातल्या एका सोमवारी लेकीने रजा घेतली आणि मला पश्चिमेच्या टोकाला, पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर नेले. त्या किनाऱ्याने १८६ मैलांची, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरची पायवाट जाते. १९७० साली ती लोकांसाठी खुली झाली. डावीकडे शेते आणि उजवीकडे कडा, अशी ती माणसाला समुद्राच्या अगदी ओठावरून चालवते. आम्हांला तिचा एक लहानसा तुकडा चालायचा होता. मार्टिन्स हेवन नावाच्या खाडीपाशी मोटार ठेवायची, समोरच्या भूशिराला वळसा घालायचा आणि मार्लोजच्या वाळूपर्यंत जाऊन परतायचे. पिशवीत दशम्या होत्या, लसणीची चटणी होती आणि थर्मासात चहा होता. चुहात्तराव्या वर्षी माणूस बेत करतो तो गुडघ्यांना विचारून. गुडघ्यांनी संमती दिली होती.

मार्टिन्स हेवनहून स्कोमर बेटावर जायला बोट सुटते. पण सोमवारी बेटाला सुट्टी असते हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले. लेक हिरमुसली. "चाळीस हजारांवर पफिन आहेत गं तिथे, आई. पायाशी येतात." मी म्हटले, "जाऊ दे. काही गोष्टी लांबूनच बघायच्या असतात." हे मी तिच्या समाधानासाठी बोलले, पण त्या दिवशी ते खरेच ठरले.

भूशिराला डिअर पार्क म्हणतात. म्हणजे हरणांचे उद्यान. हरीण तिथे एकही नाही. इथल्या जमीनदाराने अठराव्या शतकात हरणे पाळायच्या इराद्याने भिंत बांधली. हरणे काही आली नाहीत. भिंत राहिली आणि नाव राहिले. त्याच्याही आधी, लोहयुगात, लोकांनी हे भूशिर खंदक आणि बांध घालून तोडले होते. ते बांध गवताखाली अजून ओळखू येतात. वाटेच्या दोन्ही अंगांना गुलाबी फुलांचे गोंडे वाऱ्यावर डुलत होते, काटेरी झुडपे पिवळीधमक फुलली होती. लाल चोचीचे आणि लाल पायांचे कावळे वाऱ्यावर उगाच गिरक्या घेत होते. पायांखालचा खडक काळा, ज्वालामुखीचा. मी सवयीने वाकून हात लावला. आमचा कोकणातला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा; हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस कोटी वर्षांचा. पण तळव्याला दोघांची ओळख सारखीच पटते.

आणि मग माथ्यावर पोचलो नि बेटे दिसली.

अगदी समोर, अरुंद खाडीपलीकडे, स्कोमर. मधल्या पाण्याला भरती-ओहोटीची इतकी ओढ की समुद्र नव्हे, नदीच वाहते आहे असे वाटावे. दक्षिणेला स्कोकहोम, तांबूस खडकाचे. त्या दोघांच्या मधून दूर क्षितिजावर एक पांढरा ठिपका, ग्रासहोम. उत्तरेला उपसागराच्या पलीकडे निळसर रॅम्झी. आम्ही एका दगडाच्या आडोशाला बसलो. लेकीने चहा ओतला आणि नकाशा गुडघ्यांवर पसरला. वाऱ्याने तो उडू नये म्हणून मी त्याच्यावर चटणीचा डबा ठेवला.

भूगोलाच्या मास्तरणीपुढे नकाशा ठेवला की तिचे चहाकडे लक्ष राहत नाही. मी नावे वाचू लागले. 'एय' म्हणजे बेट आणि 'होल्म' म्हणजे छोटे बेट, एवढी किल्ली हाती असली की अर्धा किनारा उघडतो. स्कोमर जुन्या कागदांत 'स्काल्मेय' असे दिसते. 'स्काल्म' म्हणजे चिरलेले, फाकलेले. बेटाकडे पाहिले आणि पटले. त्याचा पूर्वेकडचा भाग दोन बाजूंनी आत आलेल्या खाड्यांनी असा कापला आहे की एका चिंचोळ्या पट्टीने जेमतेम धडाला चिकटून राहावा. स्कोकहोम आणि ग्रासहोम यांच्या शेपटाला तोच होल्म आहे, जो स्वीडनच्या राजधानीच्या शेपटाला आहे. मार्लोजच्या वाळूच्या टोकाशी गेटहोम आहे: बकऱ्यांचे बेट. पूर्वेला दूर कॉल्डी आहे: थंड बेट. पाठीमागच्या मोठ्या खाडीचे नाव मिलफर्ड. त्यातला 'फर्ड' म्हणजे नॉर्वेतला फिओर्ड, आणि 'मिल' म्हणजे वाळूचा बांध. फिशगार्ड म्हणजे मासे धरायचे कुंपण. डेल म्हणजे नुसती दरी.

एकही नाव देवाचे नाही, राजाचे नाही. फाटलेले, थंड, बकऱ्यांचे, वाळूचे. डोलकाठीवरून ओरडून सांगता येईल असे. तेव्हा नकाशे नव्हते. ८४१ साली या लोकांनी डब्लिनला ठाणे केले आणि तिथून इंग्लंडच्या पश्चिम बंदरांकडे त्यांचा राबता सुरू झाला. वाटेत हे खडक, हे ओढीचे पाणी. बापाने लेकाला सांगायचे, 'फाटके बेट डावीकडे ठेव, बकऱ्यांचे दिसले की वळ.' नाव हाच त्यांचा नकाशा होता. म्हणून तर ही नावे किनाऱ्यालाच चिकटून आहेत. आत, शेतांत आणि वाड्यांत शिरावे तशी ती विरळ होत जातात. त्या माणसांच्या वस्तीच्या खुणा या भागात जवळजवळ नाहीतच. बी. जी. चार्ल्स नावाच्या वेल्श विद्वानाने १९३४ साली नॉर्स लोकांच्या वेल्सशी असलेल्या संबंधांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे पेंब्रोकशायरच्या गावनावांचे दोन जाड खंड सिद्ध केले. नावे गोळा करण्यात एका माणसाचा जन्म जातो. मला ते आयुष्य वाया गेलेले वाटत नाही.

हे सारे मला परके वाटेना याला कारण आहे. माझे माहेर हर्णैचे. आमच्या अंगणातून सुवर्णदुर्ग दिसे. होड्या परत येताना कोळी डोंगराची कड आणि देवळाचे झाड एका ओळीत धरून बंदराची वाट काढीत; त्यांच्या खुणांची नावे कुठल्या नकाशात नव्हती. आणि वर उत्तरेला जंजिरा. 'जझीरा' हा अरबी शब्द, अर्थ बेट. तो दर्यावर्द्यांबरोबर आला, आमच्या जिभेवर जंजिरा झाला, आणि आता आम्ही खुशाल 'जंजिरा बेट' म्हणतो. बेट बेट! इथे लोक 'रॅम्झी आयलंड' म्हणतात तेव्हाही तेच करतात. सुवर्णदुर्गाची तर याहून मजा. १७५५ साली इंग्रज आरमाराच्या विल्यम जेम्सने तो आंग्र्यांकडून घेतला. इंग्रज खलाशांना 'सुवर्ण' म्हणता येईना. त्यांच्या ओळखीची नदी सेव्हर्न, म्हणून त्यांनी त्याचा 'सेव्हर्नड्रूग' केला. जेम्सच्या बायकोने नवऱ्याच्या स्मरणार्थ १७८४ साली लंडनजवळच्या टेकडीवर मनोरा बांधला, तो त्याच नावाने अजून उभा आहे. लंडनहून वेल्सला येताना मी सेव्हर्न ओलांडली तेव्हा मला वाटले, आमच्या अंगणातला किल्ला या बाईंनी आपल्या नदीत बुचकळून घेतला.

लेक मात्र हसत नव्हती. ती उत्तरेला, रॅम्झीच्या दिशेने पाहत होती. "तिकडे सेंट डेव्हिड्सचं देऊळ आहे," ती म्हणाली. "दिसत नाही इथून. समुद्रावरूनही दिसू नये म्हणून खळग्यात बांधलं म्हणतात. तरी सापडलंच त्यांना. ९९९ साली बिशपला मारलं, १०८० साली पुन्हा दुसऱ्या बिशपला." त्या दुसऱ्या बिशपचे नाव अब्राहम. त्याच्या दोन मुलांच्या स्मृतीची शिळा तिथे अजून आहे. त्याच मठातला आसर नावाचा साधू पुढे आल्फ्रेड राजाच्या पदरी राहिला आणि त्याने राजाचे चरित्र लिहिले. त्यात तो सांगतो की ८७८ साली वायकिंगांचा एक सरदार तेवीस जहाजे घेऊन या मुलखातून निघाला. आदल्या हिवाळ्यात त्याचा तळ इथेच होता. अनेक माणसे कापली, अनेकांचा संसार लुटला असे या नोंदी म्हणतात.

"ज्यांनी लुटलं त्यांनीच नावं ठेवली," लेक म्हणाली.

मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही मनात येऊन गेले. मी म्हटले, "अगं, ज्याला त्या बेटाला चुकवून जायचं असतं त्याला नाव लागतंच. आपण खडकाला नाव देतो ते काही प्रेमाने देत नाही." पण तिचे म्हणणे खोडून काढल्यासारखे मला वाटेना. रॅम्झीचे वेल्श नाव इनिस देवी, म्हणजे संत डेव्हिडचे बेट. घरच्यांनी आपल्या संताचे नाव दिलेले बेट साऱ्या जगाला लुटायला आलेल्यांच्या नावाने ठाऊक आहे.

आता मी मघाशी गप्प का बसले ते सांगते.

मलाही दोन नावे आहेत. या लेखाच्या माथ्यावर छापले आहे ते दुसरे. १९७४ साली लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यांत अक्षरे काढली, पेढे वाटले, आणि बावीस-तेवीस वर्षे वापरलेले माझे नाव मिटले. यात जुलूम होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी ते नाव हौसेने निवडले होते, मला ते आवडलेही. त्याच नावाने मी शिकवले, त्याच नावाने मला निवृत्तिवेतन येते, शेकडो मुली मला त्या नावाने ओळखतात. पण माहेरी मी जुन्याच नावाची राहिले. आईच्या, वडिलांच्या, दादाच्या तोंडी. समुद्राकडून आलेल्यांनी एक नाव दिले आणि घरचे दुसरेच घेत राहिले, असा तो प्रकार.

ते जुने नाव मी इथे लिहीत नाही. ते आजीचे होते, खेडवळ होते, हाक मारण्यासाठी होते, छापण्यासाठी नव्हते.

२००९ साली मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने निरोपाचा समारंभ केला. दादा हर्णैहून आंब्याची पेटी घेऊन आला होता. सभागृहात पाऊल टाकताच, भरल्या सभेत, व्यासपीठावर बसलेल्या मला त्याने त्या नावाने मोठ्याने हाक मारली. समुद्रकाठच्या माणसाचा गळा तो. वाऱ्यावर मात करायची सवय असलेला. सभा हसली. वाईट हसली नाही; पण तरुण शिक्षिका एकमेकींना ते नाव सांगून पुन्हा हसल्या. रात्री जेवणे झाल्यावर मी त्याला म्हटले, "दादा, चारचौघांत आता त्या नावाने हाक नको मारू हं." तो सुपारी कातरीत होता. "बरं," म्हणाला.

त्यानंतर त्याच्या तोंडून ते नाव मी ऐकले नाही. चारचौघांत नाही आणि एकान्तातही नाही. फोनवर तो "हं, मीच" म्हणून सुरुवात करी. दुसऱ्या नावाने त्याने मला कधीच हाक मारली नाही. ते त्याला परके वाटत असावे. मग मी त्याच्यासाठी बिननावाची झाले. चूक कळायला मला फार दिवस लागले नाहीत, पण 'पुन्हा म्हण' असे सांगायचे कसे? आई-वडील केव्हाच गेले होते. ते नाव घेणारा जगात तो एकटा उरला होता आणि त्याला मीच गप्प केले होते. शेवटच्या आजारात मी आठ दिवस त्याच्या उशाशी बसले. तो डोळे उघडी, "आलीस?" म्हणे, पुन्हा मिटून घेई. मी वाट पाहत होते. कसली ते तुम्ही ओळखले असेल.

हे लेकीला मी कधी सांगितले नव्हते. त्या माथ्यावरही सांगितले नाही. मी दूरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे, ग्रासहोमकडे बोट दाखवले आणि तो पांढरा का, ते विचारले. गॅनेट नावाच्या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची ती वसाहत. २०२२ च्या पक्ष्यांच्या साथीत त्यातले हजारो मेले, तरी बेट अजून पांढरे दिसते. "त्याचंही वेल्श नाव आहे," ती म्हणाली, "ग्वालेस." आणि तिने मला त्याची गोष्ट सांगितली. वेल्श लोकांच्या माबिनोगी नावाच्या मध्ययुगीन कथाचक्रात ती आहे.

ब्रान नावाचा राजा आयर्लंडच्या युद्धात घायाळ झाला. परतीला सात जण उरले. त्याच्याच आज्ञेवरून त्यांनी त्याचे मस्तक उतरवून बरोबर घेतले, आणि ते मस्तक जिवंत असल्यासारखे त्यांच्याशी बोलत राहिले. ते ग्वालेसला आले. तिथे समुद्रावर एक सुंदर दालन होते. त्याला तीन दारे. दोन उघडी, तिसरे कॉर्नवॉलच्या दिशेचे, बंद. ते उघडायचे नाही असा दंडक. त्या दालनात ते ऐंशी वर्षे राहिले. कुणाचे वय वाढले नाही, कुणाला कोण मेले ते आठवले नाही, दुःख म्हणून कसले उरले नाही. मग एके दिवशी त्यांच्यातल्या एकाला राहवेना. त्याने दार उघडले. बाहेर पाहिले मात्र, आणि गेलेला प्रत्येक आप्त, सोसलेला प्रत्येक घाव, जणू आत्ताच घडला असा त्यांच्यापुढे उभा राहिला.

"कशाला उघडलं?" मी म्हटले.

"उघडणारच ना कुणीतरी," लेक म्हणाली. तिने चहाचे पेले पुसून पिशवीत ठेवले.

तिथून दक्षिणेकडची वाट धरली. चालताना ती मला स्कोमरच्या रहिवाशांविषयी सांगत होती. दिवसा त्या बेटाकडे पाहिले तर कुणाला संशय येणार नाही, पण तिथे जमिनीखाली बिळांत मँक्स शिअरवॉटर नावाचे काळे-पांढरे समुद्रपक्षी राहतात. २०१८ च्या गणतीत सुमारे साडेतीन लाख जोड्या निघाल्या. जगातल्या या जातीपैकी निम्म्याहून अधिक या दोन-तीन बेटांवरच वसती करते. हिवाळ्यात ते दक्षिण अमेरिकेच्या समुद्रावर जातात आणि वसंतात आपल्याच बिळाशी परततात. १९५२ साली स्कोकहोमवरचा एक पक्षी विमानाने बॉस्टनला नेऊन सोडला; अटलांटिक ओलांडून तो तेराव्या दिवसाच्या आत घरी हजर. दिवसा ते बिळाबाहेर पडत नाहीत, कारण मोठे कुरव पक्षी टपलेले असतात. ते काळोखात येतात. आणि काळोखात इतक्या लाखांत आपले बीळ शोधायचे तर ओरडायचे. आतून जोडीदार आवाज ओळखतो आणि उत्तर देतो.

"म्हणजे हाकेला ओ," मी म्हटले.

"हो. तेवढ्यावर चालतं सगळं."

मार्लोजच्या वाळूवर उतरलो तेव्हा ओहोटी संपत आली होती. लांबच लांब ओला किनारा, आणि मागच्या कड्यात खडकाचे थर आडवे नव्हे तर ताठ उभे, कपाटातल्या पुस्तकांसारखे. गेटहोम अजून पायी जाता येण्याजोगे होते. त्याच्या अलीकडच्या वाळूत, १८३७ साली फुटलेल्या 'अल्बियन' नावाच्या आगबोटीचे लोखंडी दांडे अजून उभे आहेत. त्या किनाऱ्याला आता अल्बियनची वाळू म्हणतात. अशी नावे अजूनही पडतात. बकऱ्यांच्या बेटावर बकरी नव्हती. माझे हंस, ती हरणे आणि या बकऱ्या. सगळी जनावरे नावात कोंडून ठेवून माणसे पुढे निघून गेलेली.

तिथल्या एका खडकावर बसून मी लेकीला ती २००९ ची गोष्ट सांगितली. का सांगितली? ग्वालेसचे दार लागलेलेच बरे, असे वाटत असताना हात कडीकडे जातो, त्यातलेच ते. सांगून झाल्यावर म्हटले, "आता ते नाव घेणारं कुणी नाही. माझ्या मुर्खपणाने आधीच संपवलं मी ते."

ती बराच वेळ बोटाने वाळूत रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "संपवलंस कुठे? मामा दर रविवारी मला फोन करायचा. पहिला प्रश्न ठरलेला. तुझं ते नाव घेऊन, 'ती कशी आहे?' गुडघा कसा आहे, औषध घेते का, सगळं त्या नावानेच. आणि शेवटी म्हणायचा, 'मी नाव घेतलं ते तिला सांगू नकोस हो, रागवेल.'"

तेरा वर्षे. दर रविवारी. हर्णै ते स्वॉन्झी.

आबेर्तावेची पाटी मला आठवली. वेल्समध्ये रस्त्यांवर फक्त इंग्रजी नावे असत. १९६० नंतरच्या दशकात तरुण मुले त्या पाट्यांना रंग फासू लागली, त्यासाठी काही तुरुंगात गेली. तेव्हा कुठे १९७० नंतर दोन्ही नावांच्या पाट्या लागू लागल्या. पण पाटीवर नव्हते तेव्हाही आबेर्तावे होतेच. घराघरांतून होते, स्वयंपाकघरांतून होते. ज्यांना ते ऐकायला जात नव्हते त्यांना वाटत होते की ते नाही. वरून बेट मुके दिसते म्हणून बिळे रिकामी नसतात.

भरतीचे पाणी वळले. वाळूच्या खळग्यांत पहिली लाट हळूच शिरली. लेक उठली, पिशवी खांद्याला लावली आणि वर जाण्याची वाट पाहायला पुढे गेली. मी बुटांतली वाळू काढत मागे रेंगाळले. पाणी गेटहोमच्या गळ्याशी येऊन दोन्ही बाजूंनी मिळू पाहत होते. आणखी थोड्या वेळाने ते पुन्हा बेट होणार होते.

तेवढ्यात वाऱ्यावरून हाक आली. 'आई' अशी नव्हे.

ती कड्याच्या पायथ्याशी उभी राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती. तिचा उच्चार बरोबर नव्हता. मधले अक्षर तिने लांबवले होते आणि शेवटचे वाऱ्याने खाल्ले होते. आजीच्या तोंडून आईकडे, आईच्या तोंडून दादाकडे आणि फोनच्या तारेतून हिच्याकडे येता येता ते थोडे झिजले होते, थोडे बदलले होते; स्काल्मेयचे स्कोमर होते तसे. पण हाक मलाच होती, यात शंका नव्हती.

मी ओ दिली.